शाव म्हणजे चावी

लिस्बनच्या आल्फामा भागातल्या त्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत आई चार वेळा थांबली. लाकडी जिना एका माणसापुरता, आणि प्रत्येक वळणावर कुणाच्या तरी फोडणीचा वास. वर दारात घरमालकीण बाई उभ्या होत्या. आईएवढ्याच, सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. पांढरे केस, अंगात फुलाफुलांचा घरगुती झगा. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला पोर्तुगीज येत नव्हतं, आणि आईला दोन्ही येत नसल्यामुळे आमच्या तिघींत तीच सगळ्यात निवांत होती. बाईंनी एक पितळी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली, मग परत घेऊन कुलपात दोनदा फिरवून दाखवली आणि म्हणाल्या, "शाव."

"चावी म्हणतायत त्या," आई म्हणाली आणि आत जाऊन खुर्चीवर बसली.

मला हे ठाऊक होतं, पण पुस्तकातून. आठवीच्या व्याकरणात परभाषी शब्दांच्या याद्या होत्या. फारसी, अरबी, कानडी, आणि सगळ्यात शेवटी पोर्तुगीज: चावी, पगार, बटाटा, कोबी, हापूस. दोन मार्कांचा प्रश्न. तो पाठ करताना हे शब्द अजून कुणीतरी रोज वापरत असेल, आणि एक दिवस जिना चढून दमलेल्या आपल्या आईला ते कुणाच्या तोंडून ऐकू येतील, असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

मुलीचा पदवीदान समारंभ नेदरलँड्समध्ये होता. तो उरकून आम्ही दोघी आठ दिवसांसाठी लिस्बनला आलो होतो. पॅरिस का नाही, असं नाशिकमध्ये निदान सात जणांनी विचारलं. खरं उत्तर एवढंच की लिस्बन आम्हाला परवडत होतं. मग मी लोकांना सांगायला लागले, की आमच्या नाशकातल्या नारोशंकराच्या घंटेचं माहेर बघायला चाललोय. हे गमतीत म्हणत होते, पण त्याबद्दल पुढे लिहिते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा-भाजीच्या दुकानात गेलो. भावाच्या पाट्या हातानं लिहिलेल्या. मी अक्षरं लावून वाचायची आणि आईनं अर्थ सांगायचा, असा आमचा वर्ग सुरू झाला. बटाटा. "बटाटा." अननाश. "अननस." पपाया. "पुढे." कोव्ह. इथे ती जरा अडली, मग ढिगाकडे बघून "कोबी!" म्हणाली. पाव तर काचेच्या कपाटात रांगेनं बसले होते. त्याचा तिथला उच्चार नाकातून येतो, 'पांव'सारखा. साबणाला 'सबांव', बादलीला 'बाल्द'. आपल्या परातीचं, बशीचं, घमेल्याचं, पिंपाचं मूळही तिकडचंच. म्हणजे आमच्या आजीची जुनी मोरी आणि स्वयंपाकघर यांतली निम्मी भांडी उचलली, तर त्यांच्या बुडाशी पोर्तुगीज सापडतो.

फसगतही झाली. 'पेरा' अशी पाटी बघून मी मोठ्या आत्मविश्वासानं चार पेरू मागितले. बाईनं पिशवीत नासपती भरल्या. आपला पेरू या 'पेरा'वरून आला असं म्हणतात. दर्यावर्दी लोकांना अमेरिकेतलं हे नवं फळ जरा नासपतीसारखं वाटलं असावं, म्हणून त्यांनी घरचंच नाव त्याला चिकटवलं. नासपती चांगल्या निघाल्या. आईनं मात्र तिखटमीठ लावून खाल्ल्या, कारण नाव पेरूचं होतं.

चहाचीही गंमत. पश्चिम युरोपात बहुतेक ठिकाणी चहाचं नाव 'टी'च्या कुळातलं. पोर्तुगीज मात्र त्याला 'शा' म्हणतात. चिनी किनाऱ्यावरून, मकावच्या बाजूनं, त्यांनी तो शब्द थेट उचलला आणि आपला 'चहा'ही त्याच गोत्रातला. त्यामुळे कॉफीसाठी जीव टाकणाऱ्या या गावात आई रोज सकाळी काउंटरवर जाऊन ठसक्यात "शा" म्हणायची आणि तिला चहा मिळायचा. बिनदुधाचा, ही तक्रार वेगळी. चौथ्या दिवशी तिनं हार मानली आणि 'गलांव' घ्यायला लागली. उंच काचेच्या ग्लासात पाऊण दूध आणि पाव कॉफी. माझ्यासाठी 'बीका': बोटभर उंचीच्या कपात दोन घोट, तेही कडू. पहिल्या दिवशी मी तो कप बघून उरलेली कॉफी कधी येते याची वाट पाहत होते.

त्याच काउंटरवर, पेस्ट्र्यांच्या शेजारी, तिकोनी समोसा. नाव 'शमुसा'. गोव्यातून आणि मोझांबिकमधून आलेल्या आपल्या लोकांबरोबर तो इथे आला आणि आता कुणाला परका वाटत नाही. आईनं भाजीचा मागवला. आतलं सारण बघून "मिरची विसरले" एवढाच शेरा.

विसरण्यावरून आठवलं. एका छोट्या खानावळीत मी आईसाठी 'काल्दू व्हेर्द' मागवलं. बटाट्याचं दाटसर सूप, त्यात केसाएवढी बारीक चिरलेली हिरवी कोबीची पानं. बटाटा आणि कोबी, दोन्ही आपलेच, मग विचारायचं कशाला? वाडगा आला तेव्हा मधोमध डुकराच्या सॉसेजची लाल चकती तरंगत होती, गंधाच्या टिकलीसारखी. आईनं वाडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ते सूप संपवलं, आणि आईनं पाव, ऑलिव्ह आणि चीज खाऊन जेवण साजरं केलं. उठताना मी पोऱ्याला बोटांनी बिलाची खूण केली, तर त्यानं विचारलं, "पगार?" आई हसू लागली. आपल्याकडे हा शब्द महिन्याच्या शेवटी हातात येणाऱ्या पैशाचा. तिकडे त्याचा अर्थ पैसे देणं, म्हणजे खिशातून जाणारे. बरोबरच आहे म्हणा, देणाऱ्याच्या बाजूनं पगार तसाच दिसत असणार.

अठ्ठावीस नंबरच्या ट्रामबद्दल सगळे लिहितात, म्हणून मी थोडक्यात आटपते. पहिल्या दिवशी दुपारी मार्तिम मोनिझच्या थांब्यावर तासाभर उन्हात उभ्या राहिलो आणि शेवटी चालत परत आलो. दुसऱ्या खेपेला सकाळी सातच्या आत गेलो. पिवळा, लाकडी बाकांचा, आखूड डबा. चालक एकीकडे पितळी दांडा फिरवतो, पायानं घंटा वाजवतो. आल्फामा-ग्रासाच्या वळणांवर भिंती इतक्या जवळून जातात की वाळत घातलेल्या लुगड्याचा... म्हणजे चादरीचा काठ हाताला लागतो. सकाळी सातच्या आत जा, एवढंच सांगणं.

बेलेंला एक अख्खा दिवस दिला. गावाच्या पश्चिमेला, जिथे तेजू नदी समुद्राला मिळता मिळता एवढी रुंद होते की आई तिला शेवटपर्यंत 'समुद्र'च म्हणत होती. इथूनच गलबतं निघायची. आणि इथेच 1837 पासून ते दुकान आहे, ज्याच्या नावानं लोक बेलेंला येतात.

गोष्ट अशी सांगतात. शेजारच्या जेरोनिमुश मठात हा गोड पदार्थ व्हायचा. 1834 साली पोर्तुगालमध्ये मठ बंद केले गेले, मठवासी रस्त्यावर आले, आणि पोटासाठी कुणीतरी तो पदार्थ जवळच्या दुकानात विकायला ठेवला. पुढे कृती दुकानाकडे गेली आणि आजतागायत मोजक्या लोकांनाच माहीत आहे. गावभर मिळतो तो 'पश्तेल द नाता', म्हणजे सायीचा. 'पश्तेल द बेलें' हे नाव फक्त या दुकानाचं. बाहेरची रांग बघून घाबरू नका. ती पुडा बांधून नेणाऱ्यांची असते. आत निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवलेल्या खोल्यांमागून खोल्या आहेत, आणि कुठेतरी कोपऱ्यात दोन खुर्च्या सापडतातच.

बशीत (त्यांच्याच बशीत!) सहा आले. तळहातात मावेल एवढी एकेक वाटी. वरती पिवळं, थरथरणारं, भट्टीच्या जोरदार आचेनं जागोजाग काळं पडलेलं. सोबत दालचिनीची पूड आणि पिठीसाखर, पुड्यांतून.

"यात अंडं आहे का?" आईनं विचारलं.

आमच्याकडे या बाबतीत एक तह झालेला आहे. आई अंडं खात नाही. पण केकमधलं चालतं, कारण ते दिसत नाही. मी म्हणाले, "दिसत तर नाहीये."

"मग दे."

खरं म्हणजे ते जवळजवळ सगळं अंडंच असतं, निव्वळ बलक. पोर्तुगालमधल्या मठांतून असे बलकाचे शेकडो गोड प्रकार निघाले. सांगतात ते असं की जोगिणींच्या कपड्यांना खळ करायला आणि वाइन निवळायला पांढरं लागायचं, आणि उरलेल्या बलकाचं करायचं काय, हा प्रश्न साखरेनं सोडवला. नावं ऐकण्यासारखी आहेत: 'जोगिणीचं पोट', 'देवदूताची हनुवटी', 'स्वर्गातली डुकराची चरबी'. व्रतस्थ माणसं पदार्थांना नावं ठेवायला बसली की असं होतं.

आईनं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि काही बोलली नाही. दुसरा संपवला. तिसरा मात्र तिनं उचलून उलटा केला. मी म्हटलं, अगं सांडेल. तिनं बोटानं बुडाची बाजू दाखवली. तिथे गोल गोल चक्र दिसत होतं, घड्याळाच्या कमानीसारखं.

"चिरोटा आहे हा," आई म्हणाली. "लाटून, साटा लावून, गुंडाळी केलीय. मग गुंडाळी कापून तुकडे उभे ठेवलेत आणि अंगठ्यानं दाबून साच्यात बसवलेत. बघ, इथे अंगठ्याचा दाब आहे. आपण लाटण्यानं लाटतो, यांनी वाटी केली."

नंतर मी वाचून खात्री केली. पाककृतीचं रहस्य राहू दे, पण नाताची पारी करायची पद्धत हीच. लोण्याचे थर, गुंडाळी, चकत्या, अंगठा. इतके फोटो, इतके लेख वाचून मी आले होते आणि कुणीही तो पदार्थ उलटा करून बघितला नव्हता. पन्नास दिवाळ्यांचे चिरोटे केलेल्या बाईनं तो केला.

तिथून समोरच्या बागेत गेलो. उंच खांबावर एक दाढीवाला पुतळा. मी फलक वाचला: आफोन्सु द आल्बुकेर्क. 1510 साली यानं गोवा घेतलं. आणि ज्या आफोन्सुच्या नावावरून आपला आंबा 'हापूस' झाला, तो हाच, असं मानतात. पोर्तुगीजांनी गोव्यात आंब्याची कलमं बांधायचा उद्योग केला आणि त्या जातींना आपल्या लोकांची नावं दिली, पायरीसुद्धा कुणा पिरिशची म्हणतात. हे सगळं आईला सांगितलं. तिनं मान मोडेपर्यंत वर पाहिलं.

"हा हापूस होय?"

जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये शिरल्या शिरल्या डावीकडे वास्को द गामाची समाधी. दगडात कोरलेला, हात जोडून झोपलेला. तो मेला कोचीनमध्ये, 1524 साली. हाडं पुढे इकडे आली. लोक रांगेनं फोटो काढत होते. मी आईला 1502 सालची गोष्ट सांगितली: याच माणसानं मलबारच्या वाटेवर हजहून परतणारं जहाज लुटलं आणि माणसांसकट जाळलं. बायका मुलं वर धरून दाखवत होत्या, असं त्याच्याच ताफ्यातल्या लोकांनी लिहून ठेवलंय. आई थोडा वेळ त्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिली. "हात तर जोडलेत," म्हणाली. आम्ही फोटो काढला नाही. चर्चचे खांब मात्र सुंदर आहेत, ताडाच्या झाडांसारखे वर जाऊन छतात पसरलेले. ते सुंदर नाहीत असं म्हणायला जीभ धजत नाही, आणि हीच या गावातली पंचाईत आहे.

मला त्या दिवशी जे बघायचं होतं ते वेगळंच होतं. नदीत उभ्या असलेल्या बेलेंच्या बुरुजावर एक गेंडा आहे. पश्चिमेकडच्या एका टेहळणी-मनोऱ्याच्या बुडाशी, आधाराच्या दगडात कोरलेलं त्याचं डोकं. पाचशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्यानं झिजून गेलंय. सांगितलं नाही तर दगडाचा टवका वाटेल. आई किनाऱ्यावरच्या पायरीवर बसली आणि मी मोबाइलवर मोठं करून तिला दाखवलं.

गुजरातचा सुलतान मुझफ्फर यानं तो आल्बुकेर्कला भेट दिला होता. दीवमध्ये किल्ला बांधायची परवानगी हवी होती, ती सुलतानानं दिली नाही, गेंडा दिला. आल्बुकेर्कनं तो राजा मानुएलला पाठवून दिला. 1515 च्या जानेवारीत गोव्याहून गलबत निघालं आणि 20 मे रोजी इथे लागलं, हा बुरूज अर्धामुर्धा बांधून झाला होता तेव्हा. रोमन काळानंतर युरोपनं पाहिलेला हा पहिला जिवंत गेंडा. नाव? 'गांदा'. म्हणजे गेंड्याला गेंडाच म्हणत होते. प्रवासात त्याला मुख्यतः तांदूळ घालत.

"चार महिने नुसत्या भातावर," आई म्हणाली.

राजानं त्याची हत्तीशी झुंज लावली. हत्ती त्याला बघूनच पळाला. मग पोपला नजर करायला म्हणून त्याला पुन्हा गलबतावर चढवलं, आणि 1516 च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ ते वादळात बुडालं. गेंडा पोहू शकतो, पण हा साखळदंडानं बांधलेला होता. जर्मनीत ड्यूरर या चित्रकारानं त्याला न बघताच, कुणाच्या पत्रावरून आणि रेखाटनावरून, त्याचं लाकडी ठशाचं चित्र केलं; अंगावर चिलखत आणि मानेवर एक जादा शिंग घालून. पुढे दोन-अडीचशे वर्षं युरोप तोच गेंडा समजत राहिला. आणि ज्यानं खरा पाहिला होता त्या कुणा पाथरवटानं केलेला हा इथे, मनोऱ्याखाली, वजन पेलत.

आईनं पिशवीतून उरलेला एक नाता काढला. "बाजूनं गेंडा दिसतो हं," म्हणाली. "आधी दगड दिसत होता."

गावाच्या मध्यावर, टेकडीवर, कार्मुचं चर्च आहे. कमानी उभ्या, छप्पर नाही. 1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊच्या सुमारास लोक चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि भूकंप झाला. मागोमाग तेजूमधून समुद्र आत आला, आणि मेणबत्त्यांनी लावलेली आग कितीतरी दिवस जळत राहिली. आपल्याकडे पानिपत व्हायला पाचेक वर्षं होती. कार्मु दुरुस्त करायला घेतलं होतं, मग तसंच सोडलं. आता कमानींच्या मध्ये गवत आहे आणि कबुतरं.

खालचा बायशा भाग मात्र राजाचा मंत्री मार्केस द पोंबाल यानं नव्यानं आखला, पट्टीनं आखल्यासारखा. भिंतींच्या पोटात लाकडी चौकटींचा पिंजरा, म्हणजे पुढचा भूकंप आला तर दगड पडतील पण घर उभं राहील. रस्त्यांना धंद्यांची नावं: सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता. आई लगेच नाशकात पोचली. सराफ बाजार, तांबट लेन. पायाखालच्या फरसबंदीचं मात्र कौतुक तिनं अजिबात केलं नाही. पांढऱ्या-काळ्या दगडांच्या लहान चौकोनी ठोकळ्यांची नक्षी, माणसांच्या पायांनी तुळतुळीत झालेली. रॉस्यू चौकात तर तिच्या लाटा केल्यात, बघता बघता गरगरायला होतं. साडीवर स्पोर्ट्स शूज घालून, माझ्या दंडाला धरून, आई पुटपुटत होती, "यांच्या म्हाताऱ्या माणसांचं काय होत असेल?" याचं उत्तर मिळालं नाही. त्यांच्या म्हाताऱ्या बायका हातात दोन पिशव्या घेऊन आम्हाला मागे टाकून चढ चढत होत्या.

रॉस्यूच्या कोपऱ्यावर साव दोमिंगुश चर्चसमोर एक बोळकांडीएवढं दुकान आहे, 1840 पासूनचं. तिथे फक्त 'जिंजिन्या' मिळते. आंबट चेरी मुरवलेली दारू, अंगठ्याएवढ्या पेल्यात. 'फळासकट की फळाशिवाय?' एवढाच प्रश्न विचारतात. मी फळासकट घेतली. आईला वाटलं, पाकातली चेरी म्हणजे मोरावळ्यासारखं काहीतरी, आणि मी पैसे देईपर्यंत तिनं ती तोंडात टाकली. कान लाल झाले. "औषध आहे," म्हणाली, आणि बी हातरुमालात बांधून ठेवली.

त्या पेल्यापासून वीस पावलांवर एक दगड आहे, त्यावर ताऱ्याची खूण. 1506 च्या एप्रिलमध्ये याच चर्चमधून दंगल पेटली आणि सक्तीनं ख्रिस्ती केलेल्या ज्यूंची कत्तल झाली. शेजारीच आज राष्ट्रीय नाट्यगृह आहे, त्या जागी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोह्यांना शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता. त्याची गोव्यातली शाखा 1560 ते 1812, मधली काही वर्षं सोडता. गार्सिया द ओर्ता हा वैद्य ज्यू मुळाचा. यानं हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर गोव्यात पुस्तक छापलं, 1563 साली. मुंबई बेट त्याच्याकडे खंडानं होतं. तो मेल्यावर इन्क्विझिशननं त्याच्या बहिणीला जाळलं, आणि 1580 साली त्याची हाडं उकरून तीही जाळली. चर्चच्या आत 1959 साली आग लागली होती. खांब तडकलेले, काळवंडलेले, तसेच ठेवलेत. आत बसल्यावर आई म्हणाली, इथे बरं वाटत नाही. मग आम्ही बाहेर आलो, आणि चौकात जॅकरांडाची जांभळी फुलं पडत होती, जिंजिन्याची रांग वाढली होती.

आता घंटा. आमच्या खिडकीतून संध्याकाळी कॅथेड्रलच्या घंटा ऐकू यायच्या. जड, खालच्या पट्टीतल्या. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा हत्तींवरून आल्या आणि महाराष्ट्रभरच्या देवळांत टांगल्या गेल्या. त्यांतली एक गोदेच्या काठी, सरदार नारोशंकरांच्या रामेश्वर मंदिराच्या वेशीवर. तिच्यावर 1721 हे साल कोरलंय. पुराचं पाणी घंटेला लागलं की नाशिक समजतं, काही खरं नाही. आणि गल्लीत एखादी बाई मोठ्यानं बोलायला लागली की तिला 'नारोशंकराची घंटा' म्हणतात. मलाही म्हटलेलं आहे. त्या पहिल्या संध्याकाळी घंटा सुरू झाल्या तशी आई बोलायची थांबली आणि हातानंच मला गप्प केलं. मोजत असावी.

फादो या इथल्या गाण्याच्या एका रात्रीबद्दल दोनच वाक्यं. गाणं सुरू होताना दिवे मंद करतात, काटे-चमचे खाली ठेवायचे, आणि कुणी कुजबुजलं तर शेजारचे खाऊ की गिळू असे बघतात, हे मला फार आवडलं. गाण्यातल्या त्या एका अनुवादातीत हुरहुरीच्या शब्दावर पर्यटकांना दिलेलं व्याख्यान अजिबात आवडलं नाही.

आम्ही होतो त्याच दिवसांत संत आंतोनियुचा सण आला. मुद्दाम ठरवून नव्हे. तो याच गावचा, कॅथेड्रलच्या शेजारी जन्मलेला. 12 जूनच्या रात्री अख्खा आल्फामा रस्त्यावर असतो. घरांवरून घरांवर रंगीत कागदाच्या पताका, दर वीस पावलांवर लोखंडी शेगडी, आणि शेगडीवर सार्डिन. म्हणजे आपली तारली. नुसतं जाडं मीठ लावून भाजायची, पावाच्या कापावर ठेवायची, तेल पावात मुरतं. आधी मासा खायचा आणि शेवटी तो पाव. मी चार खाल्ल्या. आई पदर नाकाला लावून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत, धूर बघत.

मी वर आले तेव्हा घरमालकीण बाई आमच्या खोलीत होत्या आणि आईच्या हातात एक लहान मातीची कुंडी होती. कुंडीत चेंडूसारखं गोल, घट्ट, बारीक पानांचं झुडूप. त्यात खोचलेलं एक कागदी फूल आणि चिटुकल्या झेंड्यावर चार ओळींची कविता. याला 'मांजेरिकू' म्हणतात. सब्ज्याच्या घराण्यातलं, म्हणजे तुळशीचं भावंडच. सणाला प्रेमिकांनी एकमेकांना द्यायचं असतं, पण आता सगळेच सगळ्यांना देतात. येताना प्रत्येक खिडकीत ते दिसलं होतं आणि आई म्हणाली होती, "बघ, दारोदार तुळस."

आई कुंडी नाकाशी नेणार तोच बाईंनी "नांव, नांव!" करत तिचा हात धरला. मग करून दाखवलं. तळवा झुडपावर अलगद ठेवायचा, गोंजारायचं, आणि मग तळव्याचा वास घ्यायचा. सरळ नाक लावलं तर झाड मरतं म्हणे.

"आपणही देवाच्या फुलाला नाक लावत नाही," आई मला म्हणाली, आणि मग बाईंकडे वळून, मराठीत, सावकाश, जणू सावकाश बोललं की समजतंच: "आमच्याकडे पण हेच. हिला तुरे येतात ना, त्यांना आम्ही मंजिरी म्हणतो. मं-जि-री."

"मांजेरिकू," बाई म्हणाल्या.

"तेच," आई म्हणाली.

हे तेच नाही, हा योगायोग आहे, या शब्दांचं नातं असायचं कारण नाही, असं सगळं मला सांगता आलं असतं. दोघी एकमेकींच्या तळव्यांचा वास घेत होत्या. मी तोंड धुवायला गेले, माझ्या हातांना तारलीचा वास येत होता.

निघायच्या सकाळी टॅक्सी खाली आली. कुंडी विमानात नेता येणार नाही हे आईला दोन दिवस समजावत होते. तिनं ती शेवटपर्यंत खिडकीत ठेवली, मग उचलली, आणि एका हातात कुंडी, दुसऱ्यात ती पितळी किल्ली घेऊन दारात उभी राहिली. बाई आल्या.

"ही तुमची शाव," आईनं किल्ली दिली. मग कुंडी. "आणि हिला रोज पाणी घाला. थोडंच. संध्याकाळी."

बाईंनी मान डोलावली, काहीतरी लांबलचक म्हणाल्या, त्यात मला एकही शब्द कळला नाही. आईला विचारलं, काय म्हणाल्या?

"घालीन म्हणाली," आई म्हणाली, आणि जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागली.